टाकीवरची झोप

भावसिंगपुरा
१२ डिसेंबर २०२४, रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं

राजूच्या आईस जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. मी मेलो असतो तर गोकुळला फोन गेला असता, पाकीट आलं नसतं. तू गोकुळकडं, भावाच्या घरी सुखात आहेस, तशीच राहा. हे बोलावणं नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं तरी वाचशील.

फोनवरच सांगितलं असतं. पण प्रेरणाच्या फोनवर तुझा आवाज येतो आणि मी 'दे इकडं' म्हणेपर्यंत तू तो ठेवून मोकळी झालेली असतेस. सून आपली गुणाची आहे, तुला सगळं कळवत असणारच. तरी माझ्या तोंडूनही ऐक. डाव्या खुब्याचा सांधा काढून धातूचा बसवलाय. आज नववा दिवस. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, "काका, सांधा पार झिजलाय, हाडावर हाड घासतंय. काम काय करत होता?" मी म्हटलं, "गावाला पाणी पाजत होतो." ते हसले. तेहतीस वर्षं पाण्याच्या लाईनीच्या चेंबरमध्ये वाकून व्हॉल्व्हची चावी फिरवली, कमरेचा सगळा जोर डाव्या पायावर. तो पाय आधी गेला यात नवल नाही.

दुखतं, पण दुखण्याचं मला फार वाटत नाही. गोळी घेतली की तासाभरात ओसरतं. झोप मात्र नाही. राजूनं भाड्याची लोखंडी खाट आणून पुढच्या खोलीत टाकलीये. तिच्यावर उताणं निजायचं. दोन पायांच्या मध्ये जाडजूड त्रिकोणी उशी, वरून पट्टे आवळलेले. पायावर पाय टाकायचा नाही. कूस बदलायची नाही. असे सहा आठवडे. जन्मभर मी डाव्या कुशीवर झोपलो, भिंतीकडं तोंड करून. तू म्हणायचीस, भिंतीला काय सांगता एवढं. आता भिंत बाजूला राहिली आणि मी छताकडं बघत पडलोय.

डोळा लागतो तो दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात खोलीत पाणी येतं. आवाज न करता येतं, खाटेचे पाय बुडतात, मग खाट हलकी होऊन सुटते आणि मी तिच्यावर उताणा तसाच दारातून बाहेर जातो. गल्ली ओळखीची असते. विहाराची पायरी बुडालेली असते, पिंपळाची खालची पानं पाण्याला लागलेली असतात. भीती वाटत नाही. फक्त कुणीतरी काठानं माझ्या बरोबरीनं चालतंय असं वाटतं आणि मला मान वळवता येत नाही. मग जाग येते.

गंमत म्हणजे रात्री दोन वाजले की मला जांभया येतात. का ते विचारू नकोस.

मोतीराम

---

१७ डिसेंबर, पहाटेचे साडेतीन

राजूच्या आईस,

पहिलं पत्र मिळालं असेल. कारण काल प्रेरणा पाणी देताना म्हणाली, "बाबा, दोन पायांतली उशी ढिली ठेवू नका म्हणं." मी विचारलं, कोण म्हणं? तर ती पोर जीभ चावून आत पळाली. तेव्हा उशी घट्ट आहे, तुझ्या माहितीसाठी.

इथं एक दिवसाआड मोनाली म्हणून फिजिओथेरपीवाली पोरगी येते. पंचविशीची असेल, पण हुकूम पंचवीस माणसांना पुरेल एवढा. वॉकर धरून मला दारापर्यंत नेते आणि आणते. झोपेचं सांगितलं तर वहीत लिहूनच दिलं तिनं. दुपारी झोपायचं नाही. चारनंतर चहा नाही. दुखण्याची गोळी निजण्याच्या आधी एक तास. संध्याकाळी वॉकरवर घरातल्या घरात दहा फेऱ्या. रात्री फोन बघायचा नाही. मी म्हटलं, "पोरी, मी तेहतीस वर्षं रात्रीचा जागा आणि दिवसा झोपलेला माणूस. तू मला उलटं टांगायला निघालीस." ती म्हणाली, "काका, आता रिटायर झालात ना? मग शरीराला पण सांगा की तसं."

तिनंच हे लिहायला सांगितलं. डोक्यात जे घोळतं ते कागदावर उतरवा म्हणे, डोकं हलकं होतं. "काकू कुठं असतात?" असं तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, भावाकडं लग्न आहे, तिकडं गेलीये. अडीच वर्षं चाललेलं लग्न. तिला माहीत नाही म्हणून खपलं.

काल आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता, आठव्या दिवसाचा. हल्ली वेळा बदलल्यात, रात्री तीनला नळ खडखडला. आधी हवा येते, मग लाल पाणी, मग चांगलं, तुला सांगायला नको. मी खाटेवर आणि प्रेरणा उठून एकटीच ड्रम, हंडे, बादल्या, पातेली भरत होती. पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकताना पाण्याचा आवाज बदलतो, बारीक होतो, परत भरदार होतो. मी नुसता ऐकत पडलो. पलीकडच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून तसाच आवाज. मध्येच कुणी बाई कुणाला तरी म्हणाली, "माय, पुरं झालं का गं तुझं?" आणि तिकडून, "नाय, आजून दोन घागरी."

सगळ्या बाया. पुरुषाचा आवाज एकही नाही. तेहतीस वर्षं मी चेंबरचं झाकण काढून चावी फिरवली आणि पुढं चालता झालो. नळापाशी कोण उठून बसलेलं असतं हे मला या खाटेवर कळलं. हसू नकोस. तू पण उठायचीस, मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि ऐकणं यात फरक आहे एवढंच म्हणतो.

प्रेरणा चारला येऊन निजली. मला मग डुलकी लागली. मी नळाच्या पाइपमधून चालत होतो. आत अंधार होता, पण उबदार. दोन्ही बाजूंनी घरं लागत होती आणि प्रत्येक घराच्या तोटीपाशी एक एक तोंड वाकून बघत होतं, पाणी आलं का म्हणून. मी सगळ्यांना सांगत होतो, येतंय, येतंय. आपल्या घराच्या तोटीपाशी कुणी नव्हतं.

मोतीराम

---

२२ डिसेंबर, सायंकाळ

राजूच्या आईस,

आज दिवसाउजेडी लिहितोय, कारण बन्सी येऊन गेला. पलीकडच्या भागाचा व्हॉल्व्हमन, माझ्याबरोबरच लागलेला. सफरचंदं घेऊन आला आणि अर्धी आपणच खाल्ली. म्हणाला, "मोत्या, तुझा पाय गेला, माझे गुडघे गेले. गावाला पाणी पाजून आपून सुकलो बघ." मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "वहिनी आल्याच नाय का? लई वाईट वाटतं रे. माझं तोंड लई हलकं."

त्याला अजून लागून राहिलंय ते. माझ्या निरोप समारंभात तो माइकवर जे बोलला ते. सगळे पेढे खात होते, तू पहिल्या रांगेत निळी साडी नेसून बसली होतीस, आणि हा म्हणाला, "आमचे मोतीरामभाऊ नशिबाचे धनी. आम्ही दोन वाजता काम उरकून घरी पोरं सांभाळायला जायचो आणि भाऊ टाकीवर चढून राजासारखे झोपायचे." सगळे हसले. मीही हसलो. तू हसली नाहीस.

बन्सी मस्करी करतो हे सगळ्या खात्याला माहीत आहे. त्या रात्री तू मला विचारलंस, राजू साडेतीन वर्षांचा असताना त्याला तापात झटका आला त्या रात्री तुम्ही कुठं होता? मी तेव्हा उत्तर दिलं होतं. लाईन फुटली होती. पलीकडं, कालव्याच्या बाजूला. सव्वीस वर्षांपूर्वीचं तू मला विचारलंस आणि मी सरळ सांगितलं, तरी तू सकाळच्या जीपनं फुलंब्रीला निघून गेलीस. एका मस्करीवरून कुणी घर सोडतं का?

असो. पाय बरा आहे. उद्या टाके काढतील.

मोतीराम

---

२७ डिसेंबर, रात्रीचे दोन

सत्यभामा,

मागचं पत्र फाडून टाक. प्रेरणानं ते पोस्टात टाकलं त्या क्षणापासून मला झोप नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं तरी लागायची. आता पाच रात्री तेवढीही नाही. मोनाली म्हणते डोळे खोल गेलेत. गोळी बदलून दिली, तरी नाही.

आज बाराच्या सुमाराला जरा गुंगी आली. मी चेंबरच्या आत उताणा निजलो होतो. पायांत ती उशी, छातीवर चावी. वर झाकण बंद. अंधार होता, पण झाकणाला मधे भोक असतं ना चावीचं, त्यातून थोडा उजेड येत होता. मग वरून चपलांचा आवाज आला. एक बाई येऊन झाकणावर उभी राहिली. भोकातून मला तिच्या पायाचा तळवा दिसत होता. ती हाका मारत होती, "अहो, अहो." नाव घेत नव्हती. मला ओ द्यायची होती. तोंड उघडलं तर आत पाणी. मग ती उतरून पुढं गेली. पुढच्या चेंबरमध्येही मीच होतो. ती तिथंही आली, झाकणावर उभी राहिली, हाका मारल्या. तिसऱ्यातही मीच. तिन्ही ठिकाणी मी होतो आणि तिन्ही ठिकाणी मी नव्हतो.

ही तीन झाकणं तूच मला सांगितली होतीस, निघून जाण्याच्या आदल्या रात्री. तोपर्यंत मला वाटत होतं तू राजूला घेऊन सरळ घाटी दवाखान्यात गेली होतीस. तू आधी मला शोधलंस. विहारासमोरचा चेंबर, मग पिंपळाखालचा, मग पाणचक्कीच्या रस्त्यावरचा. खांद्यावर ताप भरलेलं पोर घेऊन, फेब्रुवारीच्या थंडीत, रात्री तीनला.

लाईन फुटली नव्हती. कुठंच फुटली नव्हती. मी टाकीवर झोपलो होतो.

आता लिहिलंय तर सगळंच लिहितो. रात्री दहाला विहारासमोरचा व्हॉल्व्ह उघडायचा. बाराला तो बंद करून पिंपळाखालचा. मग पाणचक्कीच्या रस्त्यावरचा. दोन वाजता तो बंद केला की वाटप संपलं. पुढं टाकी सकाळपर्यंत भरत राहायची आणि त्यात माणसाचं काही काम नसायचं. बन्सी दोनला सायकलवर टांग टाकून घरी जायचा. सगळेच जायचे. मी जात नव्हतो.

सुरुवातीला जायचो. तुला आठवत असेल, राजू चार-पाच महिन्यांचा होता, एकच खोली, आणि तो रात्रभर रडायचा. एका रात्री मी सव्वादोनला आलो तर तू त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होतीस. म्हणालीस, "बरं झालं आलात. घ्या जरा याला, पाठ मोडली माझी." मी घेतला. तासभर घेतला असेल. दुसऱ्या दिवशी मी दोनला आलो नाही. सकाळी येऊन तुला सांगितलं, आता ड्युटी सहापर्यंत केली. एवढ्यासाठी, सत्यभामा. एका तासाच्या येरझाऱ्यांसाठी मी तुझ्याशी तीस वर्षं खोटं बोललो.

टाकीवर काय होतं ते तुला कधी सांगितलं नाही. लोखंडी शिडी चढून वर गेलं की चुना फासलेला सपाट स्लॅब. दिवसभर तापलेला, रात्री पाठीला ऊब द्यायचा. खाली टाकीत पाणी पडत असायचं, त्याची घरघर स्लॅबमधून वर यायची आणि अंगभर पसरायची. चांदणं असलं की तिकडं मकबऱ्याचा घुमट पांढरा दिसायचा. गाव सगळं झोपलेलं. मी डाव्या कुशीवर वळायचो आणि खाली पाणी चढत चढत माझ्या कानाशी यायचं. तशी झोप मला आईजवळ लागली असेल, नंतर कुठंच नाही. साडेपाचला पाखरं बोलायला लागली की उठायचो, तोंडावर पाणी मारायचो आणि दमलेल्या माणसासारखा घरी यायचो.

आणि घरी येऊन पुन्हा झोपायचो. बारापर्यंत. तू राजूला घेऊन ओट्यावर बसायचीस, त्याला आवाज करू द्यायची नाहीस. कुकर लावायची नाहीस शिटीच्या भीतीनं. भांडी उन्हात नेऊन घासायचीस. शेजारच्या बाईनं जोरात हाक मारली तर म्हणायचीस, "हळू बाई, रात्रपाळीचा माणूस निजलाय." मी आतून ऐकायचो. गोधडीत तोंड घालून ऐकायचो आणि परत झोपायचो. तुझ्या वाट्याची झोपही मीच झोपलो.

त्या सकाळी साडेसहाला आलो तर दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, पोराला घाटीत नेलंय. मी धावत गेलो. तू बाकावर बसली होतीस, राजू मांडीवर झोपला होता, हाताला सलाईन. तुझे केस सुटलेले आणि पायात एकच चप्पल. दुसरी कुठं गेली ते मी कधी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, बाईंनी वेळेत आणलं. तू मला काही विचारलं नव्हतंस. मीच आधी बोललो, "लाईन फुटली होती, काय करणार." तू मान हलवलीस. तेव्हा मला किती हायसं वाटलं ते आठवून आज मला माझीच लाज वाटते.

बन्सीनं मस्करी केली नव्हती. आणि तू विचारलंस तेव्हा मी साठ वर्षांचा झालो होतो, नोकरी संपली होती, मला कुणी काढून टाकणार नव्हतं. तरी मी तेच बोललो.

मी चुकलो, सत्यभामा. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू ये असंही म्हणत नाही. पण तू यावीस असं मला वाटतं. खूप वाटतं. ते लपवून तरी काय करू.

मोतीराम

---

३ जानेवारी २०२५, पहाटे चार

राजूच्या आईस,

मला वाटलं होतं एकदा खरं बोललो की झोप लागेल. गोष्टीत तसं असतं. नाही लागली. उलट आता लख्ख जागा असतो.

प्रेरणाला विचारलं, आईचा फोन आला होता का? म्हणाली, आला होता, पण या खेपेला तुमचं काही विचारलं नाय. गेल्या तीन आठवड्यांत तू दर फोनला तिला 'जेवले का' विचारायचीस हे मला माहीत होतं. मी आतून कान देऊन ऐकायचो. तेही थांबलं म्हणजे पत्र पोचलं.

काल राजूला सांगितलं. तो बिडकीनहून कंपनीच्या बसनं आला, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखा माझ्या पायाला बर्फाची पिशवी लावत बसला. त्याला सगळं सांगितलं, तापाच्या रात्रीचं. बर्फ लावायचं तो थांबला नाही. पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवून म्हणाला, "मला काय आठवत नाय, बाबा. मी लहान होतो. पण आईला आठवत असंल." मग उठून पिशवी आत ठेवायला गेला आणि परत आला नाही. सकाळी मात्र जाताना वॉकर माझ्या हाताशी ठेवून गेला.

मोनाली खूश आहे. म्हणते पाय उत्तम, पंधरा दिवसांत काठीवर आणते. पट्ट्याची उशी अजून दोन आठवडे. कुशीवर केव्हा वळता येईल विचारलं तर म्हणाली, "सहा आठवडे झाले की डॉक्टरांना विचारू. पण मध्ये उशी ठेवूनच." मी म्हटलं, घाई नाही.

तुझ्या नावानं आणखी काही लिहिणार नाही. तुला त्रास होत असेल तर तो नको. रात्री जागा असतो तेव्हा ऐकत असतो. दूर कुठंतरी एखादा व्हॉल्व्ह उघडतो, पाइपांतून हवा पळते, कुत्री उठतात. कुठल्या गल्लीचा दिवस आहे ते आवाजावरून ओळखतो. मग त्या गल्लीतल्या बाया उठल्या असतील असं मनात येतं आणि मीही त्यांच्याबरोबर जागा राहतो. माझ्यानं कुणाचा हंडा भरला जात नाही, पण झोपलेला तर नाही ना.

मोतीराम

---

फुलंब्री
९ जानेवारी

राजूच्या बाबांस जय भीम.

पाचही पत्रं मिळाली. फाडायला सांगितलेलं फाडलं नाही, पेटीत ठेवलंय. मला लिहायची सवय नाही, अंगणवाडीच्या रजिस्टरात नावं लिहिते तेवढंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला वाटतं मी बन्सीभाऊजींच्या बोलण्यावरून घर सोडलं. तसं नाही. बिचाऱ्यांना सांगा, तुमचं तोंड हलकं म्हणून काही झालं नाही.

मला त्याच सकाळी कळलं होतं. घाटीत तुम्ही बाकापाशी येऊन उभे राहिले तेव्हाच. लाईन फुटली की तुम्ही कमरेपर्यंत भिजून यायचे. पँटला गुडघ्यापर्यंत काळा गाळ, बोटांच्या नखांत माती. ते कपडे कोण धुवायचं? मीच ना. त्या दिवशी तुमची पँट कोरडी होती. खाकी तशीच, एक डाग नाही. आणि तुमच्या शर्टाच्या डाव्या बाहीला, डाव्या गालाला पांढरा चुना लागला होता. डाव्या कुशीवर निजणारा माणूस कुठंतरी चुन्यावर निजून आलाय एवढं मला समजत होतं. मी मान हलवली, कारण राजूला जाग येईल म्हणून मला तिथं भांडायचं नव्हतं.

घरी आल्यावर तो शर्ट धुतला. वाटलं, आज नाही तर उद्या सांगतील. पोर बरं झालं, मी म्हटलं आता सांगतील. दुसऱ्या वर्षी सांगतील. मग म्हटलं रिटायर झाल्यावर सांगतील, तेव्हा भ्यायचं काही राहणार नाही. सव्वीस वर्षं वाट बघितली. भाऊजींनी माइकवर बोलून टाकलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता यांना सोपं झालं. म्हणून घरी येऊन विचारलं. आणि तुम्ही परत तेच म्हणाले, लाईन फुटली होती. तेव्हा मात्र माझं मन उठलं. तुम्ही निजले होते म्हणून नाही गेले मी. निजतो माणूस. कोरडी पँट घालून माझ्या तोंडावर पाणी सांगता, ते मला सोसलं नाही.

बावीस तारखेचं पत्र वाचून तर मी ठरवलं होतं, आता या जन्मात जायचं नाही. गोकुळलाही सांगितलं तसं. मग सत्तावीसचं आलं. ते मी चार वेळा वाचलं. गोकुळ म्हणाला, "ताई, काय लिहिलंय भाऊजींनी? रडू लागली का हसू लागली तू?" मी म्हटलं, तुला काय करायचंय.

एका तासाच्या येरझाऱ्यांसाठी म्हणता. मला ती रात्र आठवत नाही. तुम्हाला आठवते, हे मात्र बरं झालं.

मी इथं झोपत असेन असं समजू नका. तेहतीस वर्षं तुम्ही येईपर्यंत जागायची सवय. अजून तीनला डोळे उघडतात. इथं कुणी यायचं नसतं, तरी उघडतात. मग उठून बसते आणि सकाळ व्हायची वाट बघते. तुम्ही तिकडं जागे, मी इकडं जागी.

रविवारी दुपारच्या जीपनं येते. प्रेरणाला सांगा, स्वयंपाक करू नको, मी भाकरी बांधून आणते. किती दिवस राहीन ते आज सांगत नाही. तुमची खाट तुम्हाला, मी खाली गादी टाकीन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आल्या आल्या मला झोप लागणार आहे. लई वर्षांची आहे. रात्री पाणी येऊ द्या, नळ वाजू द्या, कुत्री भुंकू द्या, मला उठवायचं नाही. मी झोपणार. तुम्ही जागे राहा.

सत्यभामा